हार्लनचं नाक

गॅरेजातला लाकूड कातायचा लेथ थांबवून हार्लनने ओल्या लाकडाची ढलपी नाकाशी धरली, डोळे मिटले आणि नेहमीसारखी मान हलवली. वास कसलाच आला नव्हता.

समोर डोरीन उभी होती. वादळात तिच्या आईच्या अंगणातलं झाड पडलं होतं. तिने आणलेल्या त्याच्या ओंडक्याचा तिला वाडगा हवा होताच, पण त्याहून जास्त झाडाचं नाव हवं होतं. त्याच जागी तसलंच रोप लावायचं होतं, आणि आईला विचारायची सोय राहिली नव्हती.

"सगळे म्हणाले, हार्लनकडे जा. तो नुसत्या वासावरून सांगतो."

ते खरं होतं, गेल्या हिवाळ्यातल्या तापापर्यंत. त्या तापाने त्याचं नाक कायमचं बंद केलं. केंटकीच्या त्या डोंगराळ मुलखात ही गोष्ट फक्त त्याच्या बायकोला, ओपलला, ठाऊक होती. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की ती कॉफी घेऊन गॅरेजात यायची, सहज एखादी ढलपी उचलून हुंगायची आणि म्हणायची, "आंबूस आहे रे." मग हार्लन म्हणायचा, "ओक." एकदाही चुकलं नव्हतं.

आजही तिने ढलपी हुंगली. हार्लनकडे बघितलं. जरा वेळ बघतच राहिली.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

हार्लनने ओंडका फिरवून पाहिला. पिवळसर गाभा, बारीक रेषा. असलं लाकूड त्याच्या हाताखालून कधी गेलं नव्हतं. एखादं नाव ठोकून देणं सोपं होतं. रोप वाढून ते खोटं पडेपर्यंत तो काही उरणार नव्हता. डोरीन वाट बघत होती.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "तुकडा शेतकी कॉलेजात पाठवतो. ते सांगतील."

डोरीन "बरं" म्हणाली आणि गेली. तिला फारसं काही वाटलेलं दिसलं नाही. हार्लनला तेच जास्त लागलं.

गाडी वळल्यावर तो म्हणाला, "इतके दिवस बिनचूक सांगितलंस. आजच काय झालं तुला?"

"त्या तापात माझंही नाक गेलंय," ओपल म्हणाली.

हार्लनने पटाशी खाली ठेवली. "मग ओक? अक्रोड? चेरी?"

"ओक हातात आला की तू आधी पटाशीला धार लावतोस. अक्रोड आला की अंगठा फिरवत बसतोस. चेरी आली की गुणगुणतोस. मी त्या त्या लाकडाचा वास आठवून सांगायचे." ओपलने त्याचा रिकामा कप उचलला. "आज तू नुसताच उभा होतास."