चाळिसाव्या गल्लीतलं दार

टपालवालीने किल्ली अकराव्या गल्लीतच टाकून दिली होती, आणि आता ती चाळिसाव्या गल्लीत बंद दारासमोर उभी होती.

म्हणजे पडद्यावर. प्रत्यक्षात ती वाचनालयाच्या मागच्या खोलीत, टपालाची पिशवी पायाशी ठेवून एका जुनाट संगणकासमोर बसली होती. तीन आठवडे ती जेवणाच्या सुट्टीत इथेच येत होती. खेळाचं नाव 'दिवेलागण'. एक दिवाबत्तीवाला चाळीस गल्ल्यांतले दिवे लावत लावत आपल्या घरी पोचतो, एवढीच गोष्ट. टेबलावर ग्रंथपालबाईंनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी लावली होती : 'फार थोड्यांनी खेळलेला, फार गोड खेळ. लोकांचं लक्ष कसं गेलं नाही, देव जाणे.'

देवाचं माहीत नाही, पण तिच्या खुर्चीमागे उभ्या असलेल्या लिफ्ट-तपासनिसाला ते चांगलं ठाऊक होतं. हा खेळ त्यानेच केला होता, तिशीच्या आत असताना. प्रोग्रॅम त्याचा, पडद्यावरची वाक्यं त्याच्या ताईची. खेळ विक्रीला गेला आणि महिन्याभरात एक पत्र आलं : 'शेवटचं दार उघडत नाही.'

पत्र वाचून त्याच्या पायाखालची जमीन सरकली होती. दिवाबत्तीवाल्याच्या खिशात चारच वस्तू मावतात आणि एकदा उजळलेल्या गल्लीत परत जाता येत नाही. किल्ली तिसऱ्या गल्लीत मिळते. वाटेत कुणी ती टाकली, की कारभार आटोपला. हे त्याच्या लक्षात यायचं कारणच नव्हतं. तपासून बघताना वेळ वाचावा म्हणून तो दरवेळी थेट एकोणचाळिसाव्या गल्लीतून निघायचा, किल्ली आयती खिशात घेऊन. पहिल्या गल्लीपासून तो कधी चाललाच नव्हता. पत्राला त्याने उत्तर दिलं नाही, ताईला ते दाखवलंही नाही. पुढे कुणी खेळाचं नाव काढलं, तरी तो ताटावरून उठून जायचा. नोकरी धरली ती लिफ्टची. प्रत्येक दार तीन-तीनदा उघडून बघितल्याशिवाय हा माणूस सही करत नाही, असं लोक वैतागून सांगत.

ग्रंथपालबाईंनी फारच आग्रह केला म्हणून तो आज आला होता. झक मारली आणि आलो, असं त्याला आता वाटत होतं.

"किल्ली का टाकलीत हो?" त्याने विचारलं.

"मांजराचं पिल्लू उचलायचं होतं. खिसा भरलेला," टपालवाली म्हणाली. "पिल्लाला काय गटाराशेजारी सोडून येऊ?"

"नाही, तसं नाही. पण मग हे दार आता उघडणार नाही. खेळातच चूक आहे. माझी चूक आहे." एवढं बोलायला त्याला तीस वर्षं लागली होती. "तुमचे तीन आठवडे फुकट गेले. माफ करा."

टपालवालीने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ती रागावलेली दिसत नव्हती.

"बंद दार आम्ही वाजवतो," ती म्हणाली. "आमच्या कामात किल्ल्या कुठल्या?"

"ते वाजवणं शेजाऱ्यांकडे तेल मागण्यापुरतं आहे. हे त्याचं स्वतःचं घर. आत कुणी नाही, एकटाच राहतो तो."

"असं सगळेच सांगतात," असं म्हणत तिने कळ दाबली. एकदा, दोनदा, तीनदा.

काही झालं नाही. मग पडद्याच्या तळाशी एकेक अक्षर उमटू लागलं.

'उघडंच आहे. पाय पुसून ये.'

दार उघडलं. आधी पिल्लू आत गेलं, मागून दिवाबत्तीवाला. खिडकीत दिवा लागला. टपालवालीने खूश होऊन टेबलावर थाप मारली आणि डबा उघडला.

तपासनिसाने खुर्चीची पाठ घट्ट धरली. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि पडल्याचा आवाज त्याला स्वतःला ऐकू आला असावा, इतकं त्याला हायसं वाटलं. हे वाक्य त्याने कधीच प्रोग्रॅममध्ये घातलं नव्हतं. ऐकलं मात्र होतं, दर रविवारी, ताईच्या दारात.

बाहेर येऊन त्याने फोन लावला.

"ताई, दिवेलागणच्या शेवटच्या दाराला तू हात लावला होतास?"

"आता इतक्या वर्षांनी ओरडणार आहेस का?"

"नाही."

"मग लावला होता. डिस्क देऊन टाकायच्या आधी पहिल्यापासून खेळून बघितला मी. किल्ली टाकली आणि बसले अडकून. तू दात काढायला गेला होतास, तेवढ्यात शेजाऱ्यांच्या दारांचं वाजवणं त्याही दाराला जोडून टाकलं."

"मला सांगायचं नाही का?"

"तेव्हा ओरडला असतास, आणि पुढे तू त्याचं नाव तरी काढू देत होतास का रे? येतोयस ना रविवारी?"

"येतो," तो म्हणाला.

तो परत खोलीत आला तेव्हा टपालवाली पिशवी खांद्याला लावून निघाली होती. तिने खुर्ची त्याच्याकडे सरकवली. तो बसला आणि त्याने खेळ पहिल्या गल्लीपासून सुरू केला. पहिला दिवा लावला, दुसरा लावला. तिसऱ्या गल्लीत किल्ली रस्त्याच्या मधोमध पडली होती. तो तिच्यापाशी क्षणभर थांबला, मग तिला वळसा घालून पुढे चालू लागला.