हिरवी रेघ

"पाळत माझ्यावर ठेवतेयस का?" काकांनी विचारलं आणि खुर्ची वळवता वळवता कॉम्प्युटरच्या पडद्यावरची खिडकी बंद केली.

"तुमच्यावर कशाला? डेटाबेसवर," ती म्हणाली. पण बंद झालेली खिडकी तिने पाहिली होती.

हॉस्पिटलचा डेटाबेस रोज दुपारी, जेवणाच्या सुट्टीनंतर, मान टाकायचा. काउंटरवर नाव टाकलं की पेशंटची माहिती उघडायला इतका वेळ लागायचा, की रांगेतले लोक काउंटरवालीच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. म्हणून साहेबांनी तिला खास बोलावलं होतं. डेटाबेसला कोण काय विचारतं आणि तो कुठे अडतो, हे सतत टिपणारी यंत्रणा बसवायची होती.

"गुडघे बदललेल्या काही पेशंटांनी तक्रारी केल्यात. चौकशीवाले येतील," साहेब म्हणाले. "त्यांच्यासमोर मशीन रडायला नको. आणि काकांवर लक्ष असू द्या. रिटायर व्हायला आलेत, जाता जाता काहीतरी घोळ घालतील."

सगळं ऑफिस ज्यांना काका म्हणायचं, त्यांनीच हा डेटाबेस उभा केला होता. पण माणूस बदलतो.

"अजून एक," साहेब म्हणाले. "सगळंच टिपत बसू नका. झटपट होतं ते सोडून द्या, रेंगाळतं तेवढंच पकडा."

सल्ला शहाणपणाचा होता. बारीकसारीक सगळं टिपायला गेलं तर पाळतीच्याच ओझ्याने डेटाबेस झोपतो. तिने तशी मर्यादा लावली. एखादी नोंद भरणं-खोडणं असं चटकन उरकलं ते निर्दोष, रेंगाळलं ते संशयित.

मग तिने भिंतीवर मोठा पडदा बसवला. काम सुरळीत असलं की रेघ हिरवी, अडलं की लाल. संध्याकाळपर्यंत ऑफिसने तिचं नाव 'सीसीटीव्ही' ठेवूनही टाकलं.

काका पडद्यासमोर बराच वेळ उभे राहिले.

"छान आहे. गाडी किती पळतेय तेवढं कळेल."

"तेवढंच तर हवंय."

"हं." मग मध्येच म्हणाले, "आईचा गुडघा कसा आहे?"

"परत सुजतोय."

"इथेच बसवलाय ना? मग लवकर घेऊन ये. टाळू नकोस."

एरवी तिला बरं वाटलं असतं. आज वाटलं, चोराच्या मनात चांदणं. एवढा जिव्हाळा आजच कुठून आला?

दुसऱ्या दिवशी जेवायला सगळे खाली गेले. साहेब तेवढे केबिनमध्ये राहिले. ते दुपारी जेवत नसत. मंडळी परतली, काका आपल्या जागेवर बसले आणि रेघ लालभडक झाली.

तिने उगम शोधला. काकांचाच कॉम्प्युटर. ऑपरेशनांचा अख्खा तक्ता, दर ऑपरेशनाची एक ओळ, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला जात होता. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी ती सरळ त्यांच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"काका, रोज अख्खा तक्ता कशाला वाचता?"

काकांनी आधी साहेबांच्या केबिनकडे पाहिलं. "मोजतो."

"काय?"

"ओळी."

"त्या काय पळून जाणारेत?"

"कुलूप लावलं तरी आपण एकदा ओढून बघतोच ना? तसंच."

"तुमच्या ओढून बघण्यापायी खाली पेशंट ताटकळतात!"

"ते खरंय." त्यांनी चष्मा पुसला. "मला थोडे दिवस दे. आणि साहेबांना काही बोलू नकोस."

ते शेवटचं वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं, तर कदाचित ती गप्प बसली असती. पाणी कुठेतरी मुरत होतं. कुंपणच शेत खातंय, असं मनाशी म्हणत ती केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून आली.

साहेबांनी तासाभरात काकांचा पासवर्ड बंद केला आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. काकांनी आपला कप आणि चष्म्याची डबी पिशवीत टाकली. तिला फार वाईट वाटलं. नको तिथे शहाणपण केल्यासारखं वाटत राहिलं.

"आईला घेऊन ये," जाताना ते एवढंच म्हणाले. तिने मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवसापासून रेघ हिरवी राहिली. नुसती हिरवी नाही, डेटाबेस रोज आदल्या दिवसापेक्षा चपळ होत चालला. एक माणूस गेल्याने इतका फरक? तिला क्षणभर नवल वाटलं. मग साहेब सगळ्यांसमोर "शाबास!" म्हणाले, तेव्हा ते नवल अभिमानात विरघळून गेलं.

चौकशीवाले यायच्या आदल्या सकाळी ती आईला घेऊन आली. आई भिंतीला धरत, एकेक पाऊल टाकत काउंटरपाशी पोचली. गुडघा आता वाकतही नव्हता.

काउंटरवालीने नाव टाकलं. पापणी लवायच्या आत पडद्यावर उत्तर आलं.

"बघितलंस आई?" ती आईच्या कानाशी पुटपुटली. "हे मी केलंय."

काउंटरवालीने कपाळाला आठी घातली. नाव पुन्हा टाकलं. उत्तर पुन्हा तितक्याच झटकन आलं.

"मावशी, नीट आठवून बघा," काउंटरवाली म्हणाली. "तुमचं ऑपरेशन आमच्याकडे झालेलंच नाही."