कौलांवरची माकडं

योगिनी पूर्णगडच्या घरातून पुण्याच्या ऑफिसचं काम करायची. मीटिंग, कुकर, सासूबाईंची गोळी, सगळ्याची आठवण मोबाइल करून द्यायचा. रेंज पुरत नाही म्हणून कॅमेरा मात्र बंदच असायचा.

नवऱ्याने, हर्षदने, पहिल्यांदा तिला कपाटावर ढकललं तेव्हा मीटिंग चालू होती. "कसला गं आवाज?" मीटिंग घेणाऱ्या वेदिका मॅडमनी विचारलं.

"कौलांवर माकडं आलीयत. हे डबा बडवतायत," ती बोलून गेली. सगळे हसले. तेव्हापासून हर्षदचा हात उठायच्या आधी ती माइक बंद करायची.

आज मीटिंग चालू असतानाच तो दार लोटून आत आला. "दिवसभर कोणाशी बोलत असतेस गो?" असं म्हणत त्याने कमरेचा पट्टा काढला. योगिनीने हात लांब करून मुद्दाम माइक चालू केला. ऑफिसातली सगळी ऐकत होती. कुणीतरी पोलिसांना कळवील.

ओरडायला तिने तोंड उघडलं, तर त्याने ते पंजाने दाबून धरलं. शेजारी ऐकतील म्हणून तो मारताना एक शब्द बोलत नसे. पट्टा कडाडत राहिला, खुर्ची उलटली, ताटं-वाट्या फरशीवर घरंगळल्या, तिचं डोकं भिंतीवर आपटलं. नाकातून रक्त ओघळत असताना तिला टेबलावरचा मोबाइल उजळलेला दिसला. वेदिका मॅडमचा मेसेज होता.



"योगिनी, माकडं गेली की सांग. तोवर तुझा माइक मी बंद केलाय."