हातचे दहा

वस्तीला वीज पुरवणाऱ्या बॅटरीच्या खोलीबाहेरच्या पाटीवर मावशींनी बाराचा आकडा अडकवला आणि दोन पावलं मागे येऊन पाहिला. आकडा सरळ बसला होता. खराही होता, आणि घोळ तिथेच होता.

एरवी तो खरा नसे. बॅटरीत शंभरातला जेवढा साठा आतल्या यंत्रावर दिसे, त्यातून दहा वजा करून मावशी उरलेला आकडा बाहेर लावत. लोक जपून वापरतात, दहा हाताशी राहतात. हे गुपित त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं आणि वस्तीत ते सगळ्यांना ठाऊक होतं. पाटी वाचताना पोरंसोरंसुद्धा मनातल्या मनात दहा मिळवत.

आज आतच बारा होते. आठवडाभर सौर पॅनेलवरचं आभाळ हटलं नव्हतं आणि टेकडीवरच्या पवनचक्कीचं पातं जागचं हलत नव्हतं. दहा वजा करून दोन लावावेत, तर वस्तीच्या तोंडचं पाणी पळालं असतं. मागे एकदा तीन लावले होते, तेव्हा हातचे दहा धरूनसुद्धा धीर सुटला, वीज जायच्या आत म्हणून साऱ्यांनी एकदमच पंप, मिक्सर आणि चार्जर सुरू केले आणि स्वतःच्या हातांनी अंधार ओढवून घेतला. म्हणून मावशींनी ठरवलं, आज जे आहे ते सांगून टाकायचं.

पण संध्याकाळ झाली तरी कोणी काही बंद करीना. बारा म्हणजे बावीस, आणि बावीस म्हणजे चैन! आतला आकडा अकरावर आला. आठाच्या खाली गेला की यंत्र आपणहून साऱ्या वस्तीची वीज तोडतं आणि ऊन पडेपर्यंत कोणाच्या बापाचं ऐकत नाही. वस्तीला तार एकच. त्याच तारेवर दवाखाना होता, आणि दवाखान्यात निळ्या दिव्याखाली मावशींची नात होती. नुकती जन्मलेली, हळदीसारखी पिवळी. "आज रात्रभर दिवा बंद पडता कामा नये," नर्सबाईंनी बजावलं होतं. "कावीळ मेंदूत गेली, तर मग माझ्या हातात काही नाही."

खोलीला कुलूप घालून मावशी निघाल्या. त्यांना भीती वाटत होती आणि भीतीच्या वर लाज. घरच्या कार्यासाठी जास्तीची वीज मागायला आलेल्या कितीजणांना त्यांनी दारातूनच वाटेला लावलं होतं.

इस्त्रीवाल्याच्या दुकानात कपड्यांचा ढीग होता. साऱ्या वस्तीत त्याच्या इस्त्रीइतकं खादाड दुसरं काही नव्हतं.

"बंद कर रे ती."

"एवढे चार शर्ट, मावशी. बारा आहेत की अजून."

"बाराच आहेत."

"हो हो, बाराच!" त्याने बाकावरच्या गिऱ्हाइकाला डोळा मारला. "आमच्या मावशी म्हणजे झाकली मूठ. शून्य लावलं तरी आत दहा निघायचे."

गिऱ्हाईक हसलं. मावशी मेजाला धरून उभ्या राहिल्या.

"रोज दहा कमी लावत आले मी. इतकी वर्षं तुमच्याशी खोटं बोलले."

"ते माहीत आहे हो."

"आज नाही बोलले."

इस्त्रीवाल्याचा हात थांबला. शर्टाचा करपट वास सुटला, तेव्हा कुठे त्याने इस्त्री उचलली.

"म्हणजे हातचे?"

"संपले. दवाखान्यात माझी नात आहे दिव्याखाली. तिच्यासाठी मागायला आलेय. तुझ्या भाचीच्या लग्नात मी दिव्यांची एक माळसुद्धा लावू दिली नव्हती. त्याचा राग असेल तर उद्या काढ. आज बंद कर."

त्याने प्लग उपटला. मग रस्त्यावर जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून तो ओरडला, "ऐका हो! बारा म्हणजे बाराच! मावशी रडताहेत!"

मावशी रडत नव्हत्या. पण ते ऐकलं मात्र आणि त्यांना खरोखरच रडू फुटलं. आकड्यावर विश्वास न ठेवणारी वस्ती त्या रडण्यावर ठेवून मोकळी झाली. समोरचा टीव्ही बोलता बोलता गप्प झाला. पिठाची गिरणी घरघरत थांबली. ऐन दिवेलागणीला घराघरांतले दिवे मालवत गेले आणि शेवटी दवाखान्याची निळी खिडकी तेवढी उरली.

मावशींनी खोली उघडून पाहिलं. यंत्रावर दहा होते. एकट्या त्या दिव्याला सकाळपर्यंत आठाच्या वरचे दोन पुरून उरले असते. त्या बाहेर पायरीवर येऊन बसल्या. थोड्या वेळाने इस्त्रीवाला चाचपडत आला आणि खालच्या पायरीवर टेकला.

"ऊन पडलं की पुन्हा दहा कमीच लावत जा, मावशी."

"का रे? खरं नको तुम्हाला?"

"खरं तुम्हाला माहीत असलं की झालं," तो म्हणाला. "आम्हाला झोप लागली पाहिजे."