नंबर लागला

"सत्यशीला, नंबर लागला तुझा! नर्सच्या कोर्सले, चांद्याच्या कॉलेजात!" बोरकुटे सर शेताच्या धुऱ्यावरूनच ओरडले. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत वर, आणि चेहरा असा फुललेला, जणू नंबर त्यांचाच लागला होता.

बांधीत धानाचा रोवणा, भाताची लावणी, चालू होता. वाकलेल्या बायका सरळ झाल्या. सत्यशीलाही झाली, हातात पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची जुडी तशीच धरून. सगळे दात दिसतील अशी हसली. मग म्हणाली, "मी नाई जात, सर."

सरांना आधी वाटलं, पोरगी मस्करी करतेय. दहावी-बारावीच्या मुलांना पुढचा रस्ता दाखवायचं काम शाळेत त्यांच्याकडे होतं. नागपूरला जाऊन ट्रेनिंग घेऊन आले होते बिचारे. हिला तर स्वतः दवाखान्यात नेऊन नर्सबाईंच्या हाताखाली दिवसभर उभं केलं होतं. आणि आता ही म्हणते, नाई जात!

"सोमवारी हजर नाई झाली तं जागा गेली, वेडे!" सर तिच्या बापाकडे वळले. तोही तिथंच रोवत होता. "खुशालभाऊ, काऊन अडवता तिले?"

"मी कायले अडवू?" खुशाल कासावीस झाला. "नंबर लागला तं जाजो, असं कवापासून म्हणून राह्यलो. ऐकतच नाई. तुमचंच नाव सांगते."

"माझं?"

"तुम्हीच तं शिकवलं, सर." सत्यशीलाने चिखलाचा हात वर केला आणि बोटं मोजली. "आवड पाहा, कुवत पाहा, परिस्थिती पाहा, मंग ठरवा. आवड आहे. कुवत आहे, तुम्हीच म्हटलं. पण माय लकव्यानं खाटेवर पडली. दवाखान्यात नर्सबाईनं सांगतलं, अशा माणसाले घडीघडी कुशीवर फिरवा, नाई तं पाठ सडते. बाबा रोजीले जाते. आताबी रोवता रोवता घडीघडी मलेच घरी पळा लागते. मी गेली तं कोण फिरवते तिले?"

"अवं, मावशी, काकी, कोणी तरी असंल ना?"

"सगळ्या इथीच आहेत, सर."

सरांनी बायकांकडे पाहिलं. बायनाबाई, तिची काकी, पटकन खाली वाकली आणि रोवू लागली. तिच्या मागे बाकीच्याही वाकल्या. रोवणा काय कोणासाठी थांबतो?

"मनात आलं म्हणून ठरवू नका, विचार करून ठरवा, म्हणत होते तुम्ही," सत्यशीला म्हणाली. "मी विचार केला. रडलीबी नाई. बरोबर ठरवलं ना, सर?"

फळ्यावरचं गणित सोडवून मागे वळावं, तशी ती त्यांच्याकडे पाहत राहिली. सरांनी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि वर्गात बरोबर उत्तर आलं की जो शब्द निघायचा तोच तोंडून निघून गेला.

"शाब्बास."