‘जातो’चं बटण

स्वरालीनं बनवलेल्या विजेटमधलं ‘जातो’चं बटण कुणी दाबायलाच तयार नव्हतं.

विजेट म्हणजे कंपनीतल्या प्रत्येकाच्या स्क्रीनवर कोपऱ्यात दिसणारी छोटी चौकट. तिच्यात दोन रकाने, संभाजीनगर आणि पुणे. ज्या ऑफिसात बसाल त्या रकान्यात तुमचं नाव. आल्यावर ‘आलो’ दाबायचं, निघताना ‘जातो’. बायकांना ‘आले’ आणि ‘जाते’. हे दोन आधी राहूनच गेले होते, त्यावरून ऑफिसातल्या मोनिकानं तिला फैलावर घेतलं होतं. पण लोक संध्याकाळी काहीच न दाबता पसार व्हायचे आणि संभाजीनगरचं, औरंगपुऱ्यातलं ऑफिस रात्रभर भरलेलं दिसायचं.

"ताई, निघताना ‘जातो’ कुणी म्हणतं व्हय?" पलीकडच्या टेबलावरच्या राजकुमारनं तोंड वाकडं केलं. "येतो म्हणावं माणसानं."

स्वरालीनं कपाळावर हात मारला आणि बटणावर ‘येतो’ लिहिलं. त्या संध्याकाळी झाडून सगळ्यांनी दाबलं.

"लई भारी," मालक बद्रीनाथ सर म्हणाले. "पण ते ‘जातो’ खाली बारीक ऱ्हाऊ दे. कायमचं निघणाऱ्याला लागंल. दाबलं की रकान्यातून नावच गायब."

खरं तर तिला हे सगळं एका नावासाठी हवं होतं. शेजारच्या खुर्चीवरच्या श्रीरंगला पुण्याच्या ऑफिसात धाडलं होतं. निघताना क्रांती चौकात चहा पिऊन तो नुसतं "येतो" म्हणाला. तिला बरंच बोलायचं होतं, तिनं मान हलवली. आता रोज संध्याकाळी त्याच्या नावापुढे ‘येतो’ उमटल्याशिवाय ती पर्स उचलायची नाही. हे वेड तिला मनापासून आवडायचं.

शनिवारी मात्र उमटलं, ‘श्रीरंग – जातो’. पाहता पाहता पुण्याच्या रकान्यातून त्याचं नाव गेलं.

ती तशीच सरांकडे गेली.

"व्हय, बोलला मला परवाच," सर समोसा खात म्हणाले. "मीच म्हटलं, बिनधास्त दाब. अडवून ठेवायची आपल्याला सवय नाय." आणि वर हसले.

मोनिकालाही ठाऊक होतं म्हणे. सगळ्यांना ठाऊक, फक्त हिला नाही. साधा एक फोन करायला काय झालं होतं त्याला? रविवार तिनं तोंड पाडून काढला. आईनं विचारलं तर डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

सोमवारी ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली. मुळात ते बटण ठेवायलाच नको होतं. तिनं डिझाइन उघडलं आणि ‘जातो’ पुसून टाकलं.

तेवढ्यात कोपऱ्यातली चौकट लुकलुकली. संभाजीनगरच्या रकान्यात, तिच्या नावाखाली, नवी ओळ आली होती.

श्रीरंग – आलो.