ऑगस्टची प्रत

कारखान्याचे संगणक सांभाळणाऱ्या लेनने डिस्कची पेटी टेबलावर ठेवली, पण तिच्यावरचा हात काढला नाही.

"ऑगस्टचीच कशाला? परवाची घे, ताजी आहे."

"वादळात ताजीच बुडाली तर?" नेरिडा म्हणाली. "जुनी उघडते का, तेच तर बघायचंय."

"बाई, तू वादळाआधीच छप्पर उडवशील."

चक्रीवादळांचे महिने तोंडावर आले होते. उत्तर क्वीन्सलंडच्या त्या साखर कारखान्यात कुठलं काम कसं करायचं, याची सगळी पानं एकाच संगणकावर होती. तो पाण्यात गेला तर दोन तासांत पानं पुन्हा उभी राहिली पाहिजेत, असा आराखडा नेरिडाने बाळंतपणाच्या रजेवरून परतताच करायला घेतला होता. आधीपासूनच दर शुक्रवारी पानांची एक प्रत डोंगरावरच्या ऑफिसात जायची. आज त्यातली एक रिकाम्या संगणकावर चढवून तालीम करायची होती.

तालीम खरीच होती. पण नेरिडाच्या मनात आणखीही काही होतं.

ऑगस्टमधल्या एका सोमवारी सॅल्वो बॉयलरच्या वाफेत भाजून गेला. सव्वीस वर्षांचा. चौकशीत पान पुढे आलं: दाब शून्यावर आला तरी दहा मिनिटं थांबा, मगच झाकण उघडा. सॅल्वो थांबला नव्हता, म्हणून ठपका त्याच्यावर. त्याची आई कॉन्चेटा कारखान्याच्या कँटीनमध्ये होती. भेटेल त्याला ती सांगायची, माझा पोरगा पान वाचल्याशिवाय साधा नळ उघडत नसे. पुढच्या मंगळवारी शेवटची सुनावणी होती.

अपघातानंतर आठवड्याभरात लेनने पानं नव्या संगणकावर हलवली. कोणी कधी काय बदललं, त्याची नोंद मागेच राहिली. उगाच जागा खाते, असं तो म्हणाला होता. रजेवर जाण्याआधी नेरिडानेच ती बाराशे पानं झाडूनपुसून लख्ख केली होती. लेनचं हे कानावर आलं तेव्हा ती काय ते समजली. दहा मिनिटांची ओळ अपघातानंतर मागाहून घातली होती, आणि ऑगस्टची प्रत तर अपघाताआधीच्या शुक्रवारची होती.

कॉन्चेटाला तिने मुद्दाम बोलावलं होतं. ती दाराशी एप्रनला हात पुसत उभी होती.

"नेरिडा, पोरी," लेन हळू आवाजात म्हणाला, "तुझं लेकरू तीन महिन्यांचं आहे. काही पानं बुडालेलीच बरी."

"सॅल्वोही कुणाचं तरी लेकरूच होता, लेन."

लेनने पेटीवरचा हात उचलला.

प्रत चढवायला एक तास चाळीस मिनिटं लागली. नेरिडाने बॉयलरचं पान उघडलं. दाब शून्यावर आला की झाकण उघडा. मध्ये काहीच नाही. दहा मिनिटांची ओळच नव्हती.

कॉन्चेटाने ते दोनदा वाचलं. मग ती खुर्चीत बसली आणि म्हणाली, "बरोबरच वाचलं होतं त्यानं."

नेरिडाने लेनकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"पान आधीपासून असंच होतं का, हे सुनावणीत विचारतील," ती म्हणाली. "या जुन्या प्रतीत बदलांची नोंदही आहे, तीही काढून ठेवू."

"आधी बस तरी," लेन म्हणाला.

ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने नोंद उघडली. दहा मिनिटांची ओळ नऊ वर्षं पानावर होती. अपघाताच्या चार दिवस आधी, गुरुवारी, ती काढली गेली होती. कारण लिहिलं होतं: दुबार मजकूर. काढणाऱ्याचं नाव: नेरिडा.